एकाच वेळी कधीच न फुललेला गुच्छ

रंगपाटी

गेले चार महिने मी एका चित्राच्या फक्त एका कोपऱ्याची नक्कल करतेय. यान व्हान हायसम या डच चित्रकाराचं एक फुलचित्र, त्यातला खालचा उजवा कोपरा. पूर्ण उमललेला एक गुलाब, अफूचं एक फूल, पाच-सहा पानं, एक माशी आणि पानावर तीन दवबिंदू. जागा म्हणाल तर वीतभर. संग्रहालयं हल्ली चित्रांच्या इतक्या मोठ्या प्रतिमा खुल्या करतात की रंगाच्या थराला पडलेल्या बारीक भेगाही दिसतात, म्हणून हे घरी बसून करता आलं.

सुरुवात केली तेव्हा माझा समज साधा होता. फुलदाणीत गुच्छ ठेवायचा, समोर बसायचं, दिसेल ते उतरवायचं. तो समज पहिल्या आठवड्यातच गळून पडला, कारण असा गुच्छ कुठल्याही फुलदाणीत कधी असूच शकत नव्हता. या चित्रांत हायसिंथ आणि ट्यूलिपच्या शेजारी गुलाब असतो, गुलाबाशेजारी हॉलिहॉक. युरोपात यातली पहिली दोन वसंताच्या सुरुवातीची, शेवटचं ऐन उन्हाळ्यातलं. म्हणजे मार्च ते ऑगस्ट एका भांड्यात.

मग हे करत कसे होते? यान ब्रुगेल थोरला याने १६०६ मध्ये मिलानच्या कार्डिनल फेदेरिको बोरोमेओला पत्रातून कळवलंय की अँटवर्पमध्ये न मिळणारी काही फुलं प्रत्यक्ष बघून रंगवायला मी ब्रुसेल्सला जाऊन आलो. फुलं त्याच्याकडे येत नव्हती, तो फुलांकडे जात होता. आमचा व्हान हायसम तर आणखी हट्टी. १७४२ च्या एका पत्रात तो ग्राहकाला सांगतो की पिवळा गुलाब मिळाला नाही म्हणून चित्र अडलंय. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या त्याच्या एका चित्रावर सहीसोबत १७३६ आणि १७३७ अशी दोन सालं आहेत. एक गुच्छ, दोन वर्षं.

आता मुद्द्याचं. या चित्रांबद्दल वाचायला गेलं की पहिल्यांदा हाती पडते ती अर्थांची यादी. गुलाब म्हणजे प्रेम, पांढरी लिली म्हणजे पावित्र्य, अफू म्हणजे झोप आणि मरण, फुलपाखरू म्हणजे पुनरुत्थान. मीही ती यादी वहीत उतरवून घेतली होती. पण रंगवताना ती मला एकदाही उपयोगी पडली नाही, आणि जो अर्थ मला त्या कोपऱ्यात सापडला तो त्या यादीत नव्हता.

माझ्या कोपऱ्यातला गुलाब जितका उमलायचा तितका उमलून झालाय. बाहेरच्या दोन पाकळ्यांनी मान टाकलीय, त्यांच्या कडा किंचित पिवळ्या पडल्यात. आतल्या मात्र अजून घट्ट आहेत. वर, माझ्या चौकटीबाहेर, त्याच गुलाबाची कळी आहे, आणि खाली संगमरवरी कठड्यावर गळलेली एक पाकळी. एकाच फुलाची तीन वयं. मला वाटतं अर्थ इथे आहे. कुठलं फूल आहे यापेक्षा ते त्याच्या आयुष्याच्या कोणत्या घटकेला धरलंय, आणि ती घटका दाखवायला कुंचल्याने काय केलंय, यात.

फुलं नेमकी चिन्हं म्हणून येत नसत असं मी म्हणत नाहीये. ह्युगो व्हान डेर गूसचं पोर्तिनारी वेदीचित्र बघा, साधारण १४७५ चं, आता फ्लॉरेन्सच्या उफिझीत. बाळ येशूसमोर जमिनीवर दोन भांडी आहेत. एकात केशरी लिली आणि आयरिस, दुसऱ्या काचेच्या पेल्यात कॉलंबाइन आणि तीन लाल कार्नेशन. खाली व्हायोलेट विखुरलेली, मागे गव्हाची पेंढी. आयरिसची पानं तलवारीसारखी, म्हणून ती मेरीच्या काळजात घुसणाऱ्या दुःखाची खूण. कार्नेशनला डच भाषेत खिळ्याचं फूल म्हणत, म्हणून तीन कार्नेशन म्हणजे क्रुसाचे तीन खिळे. तिथे प्रत्येक फूल एक शब्द आहे, आणि बघणाऱ्याला तो वाचता येत होता. पण दीडशे-दोनशे वर्षांनी, कुठलीही मेरी नसलेल्या, दिवाणखान्यात टांगायच्या चित्रात तोच शब्दकोश लागू पडतो का?

तुम्हाला काय वाटतं? आणि एक व्यवहारातला प्रश्नही आहे. मूळ चित्रात माझ्या कोपऱ्यातली पानं चक्क निळी दिसतात. नक्कल करताना मी ती निळी रंगवू की हिरवी?

गवतफूल

धागा खूप आवडला, वाचनखूण साठवली. मी नुकतीच तैलरंगाला सुरुवात केलीय. अर्थांच्या वादात मला गती नाही, पण ते दवबिंदू कसे करतात हे कुणी सविस्तर सांगेल का? माझे थेंब पानावर पडलेल्या पांढऱ्या गोळ्यांसारखे दिसतात.

शंकासुर

रंगपाटी, लेख छान, पण तुम्ही अर्ध्या वाटेवर थांबलात. माझं स्पष्ट मत आहे की या चित्रांवरचा बराचसा अर्थ आपण नंतर चिकटवला आहे. वयाचा अर्थसुद्धा.

आम्ब्रोसियस बॉसखार्टचं उदाहरण घ्या. फुलचित्र हा स्वतंत्र प्रकार उभा करणाऱ्या पहिल्या काहींपैकी हा. अँटवर्पमध्ये जन्म, उमेदीची वर्षं मिडेलबर्गमध्ये. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत त्याचं १६२१ चं एक फुलचित्र आहे, त्याच वर्षी तो वारला. चित्रात खाली एक पाटी रंगवलीय आणि तिच्यावर फ्रेंचमध्ये मजकूर आहे. आयुष्य क्षणभंगुर आहे, देवाला स्मरा, असं काही तिथे नाही. फुलांच्या या थोर चित्रकाराचा हात देवदूताचा आहे आणि त्याची कीर्ती मृत्यूच्या तीरापर्यंत पोचलीय, असा तो मजकूर आहे. म्हणजे निदान या चित्रापुढे उभ्या राहणाऱ्याकडून अपेक्षा होती ती कारागिरीला दाद देण्याची.

शिवाय ही फुलं त्या काळी नवलाईची होती. लायडनच्या विद्यापीठाच्या बागेत क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने ट्यूलिपचे कंद लावले ते १५९३-९४ च्या सुमारास. बॉसखार्ट तेव्हा विशीत होता. ज्यांच्याकडे बाग होती त्यांना दुर्मिळ फुलांची चित्रं हवी होती, ज्यांच्याकडे नव्हती त्यांना तर जास्तच. बोरोमेओ स्वतः कार्डिनल, पण फुलचित्रांबद्दल त्याने काय लिहिलंय? हिवाळ्यात बाहेर सगळं बर्फाने झाकलेलं असताना खोलीत फुलं बघायला मिळतात, याचं सुख. धर्मगुरूला सुख म्हणून चालत होतं, आपल्याला मात्र प्रवचन हवं असतं.

कलेतिहासकार स्वेतलाना आल्पर्स यांनी १९८३ मध्ये हेच मांडलं होतं, की डच चित्रं गोष्ट सांगायला किंवा उपदेश करायला नाहीत, ती जग डोळ्यांनी नीट बघण्याची, नोंदण्याची कला आहे. मला ते पटतं.

पुंकेसर

वनस्पतिशास्त्राच्या बाजूने थोडी भर.

या चित्रांतले पांढऱ्यावर लाल किंवा जांभळ्या ज्वाळा असलेले ट्यूलिप तुम्ही पाहिले असतील. सेम्पर ऑगस्टस हे त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव. ती नक्षी हा एक रोग आहे. मावा नावाचा किडा एका झाडाचा रस शोषून दुसऱ्यावर बसतो आणि विषाणू पसरवतो. या विषाणूमुळे पाकळीतलं लाल रंगद्रव्य काही ठिकाणी तयारच होत नाही, तिथे खालचा पांढरा किंवा पिवळा उघडा पडतो. विषाणूने कंदही अशक्त होतो, त्याला बाजूचे कंद कमी फुटतात, म्हणून असे ट्यूलिप वाढवणं अवघड आणि ते दुर्मिळ. त्या काळी हे कुणालाच माहीत नव्हतं. साधं एकरंगी फूल एखाद्या वर्षी अचानक 'फुटायचं', आणि का ते कळायचं नाही. विषाणूचा छडा डोरोथी केली यांनी लावला तो थेट १९२८ मध्ये.

एक गैरसमज कायम दिसतो म्हणून सांगतो. ही चित्रं हॉलंडमध्ये ट्यूलिपच्या कंदांवर चाललेल्या सट्ट्यावरची टीका आहेत, असं सरसकट म्हणतात. सट्टा कोसळला फेब्रुवारी १६३७ मध्ये. बॉसखार्टला जाऊन तेव्हा सोळा वर्षं झाली होती. त्याच्या ट्यूलिपमध्ये ती टीका शोधण्यात अर्थ नाही.

पण एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. सगळ्या गुच्छात बघणाऱ्याला सर्वांत सुंदर वाटायचं ते फूल नेमकं आजारी होतं. चित्रकाराला ते माहीत नव्हतं. आपल्याला माहीत आहे, आणि आता ते विसरून चित्र बघता येत नाही.

सातवा_थर

गवतफूल, थेंबाचं सांगतो. मी बरीच वर्षं तैलरंग शिकवतोय आणि हा प्रश्न दर वर्गात येतो.

तुमचा थेंब गोळी दिसतो कारण तुम्ही पाणी रंगवताय. पाण्याला रंग नसतो. थेंब म्हणजे पानच, फक्त उजेड-सावलीची अदलाबदल झालेलं.

प्रकाश डावीकडून वरून येतोय असं धरा. एखादी घन गोळी असती तर डावी बाजू उजळ आणि उजवी काळोखी झाली असती. थेंबात उलटं होतं. प्रकाश डावीकडून आत शिरतो, पाण्यातून वाकतो आणि उजव्या-खालच्या आतल्या कडेला गोळा होतो. म्हणून थेंबाची डावी-वरची बाजू पानाच्या रंगापेक्षा गडद आणि उजवी-खालची पानापेक्षा उजळ.

करायचं असं. पान आधी पूर्ण वाळू द्या. मग पानाचाच हिरवा, किंचित गडद आणि पातळ करून, थेंबाचा आकार भरा. कोरड्या मऊ कुंचल्याने उजव्या-खालच्या बाजूला तो जवळजवळ पुसून काढा आणि तिथे पिवळसर हिरव्याचा एक चंद्रकोरीसारखा स्पर्श द्या, कडा आतल्या बाजूला विरघळवून. आता थेंबाच्या बाहेर, उजवीकडे खाली, पानावर एक बारीक सावली, थेंबाला अगदी चिकटून. त्या सावलीच्या मधोमध उजेडाचा एक पुसट ठिपका, कारण थेंबातून गेलेला थोडा प्रकाश तिथे पडतो. हा ठिपका बहुतेक जण विसरतात. सर्वांत शेवटी, डाव्या-वरच्या गडद भागात शुद्ध पांढऱ्याचा एकच ठिपका, जाडसर रंगाचा, एकदा टेकवून उचलायचा. परत हात लावायचा नाही.

कडेने रेघ काढू नका. थेंबाला बाह्यरेषा नसते.

हे जमलं की काय होतं याची एक साक्ष इतिहासात आहे. सॅम्युएल पीप्स हा लंडनचा सरकारी अधिकारी रोजनिशी लिहायचा. ११ एप्रिल १६६९ रोजी त्याने हॉलंडहून नुकत्याच आलेल्या सिमॉन व्हेरेल्स्टचं छोटं फुलचित्र पाहिलं. पानांवरचे दवाचे थेंब इतके खरे होते की आपले डोळे फसतायत की काय हे बघायला मला पुन्हा पुन्हा बोट लावावं लागलं, असं त्याने लिहून ठेवलंय. चित्रकाराने सत्तर पौंड मागितले, पीप्सने वीस देऊ केले, आणि वर लिहिलं की हे चित्र बघायला वीस मैल जावं.

गवतफूल

सातवा_थर, मनापासून आभार! सावलीतला ठिपका मी कधी पाहिलाच नव्हता. आत्ता कुंडीतल्या एका पानावर पाणी शिंपडून बघितलं, खरंच आहे तिथे.

अजून एक विचारू का? पांढरी फुलं माझ्याकडून मळकट होतात. करडा घातला की घाण, नाही घातला की सपाट.

सातवा_थर

काळ्यापासून केलेला करडा वापरत असाल तर तो सोडा. पांढऱ्या पाकळीची सावली आजूबाजूच्या वस्तूंचा रंग घेते. शेजारी हिरवं पान असेल तर ती हिरवट, खाली लाल फूल असेल तर कोमट गुलाबी. आणि मुख्य म्हणजे पाकळीचा 'पांढरा' भागही शुद्ध पांढरा रंगवायचा नाही, त्यापेक्षा दोन पायऱ्या खाली ठेवायचा. शुद्ध पांढरा शेवटच्या दोन-तीन कडांसाठी राखून ठेवा. एकदा खर्च केलात की त्याच्यावर चढायला काही उरत नाही.

रंगपाटी

शंकासुर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. १६२१ च्या पाटीचा मुद्दा जोरदार आहे आणि मला तो नाकारायचा नाही. पण एका पाटीवरून सगळ्या शतकाचा निकाल लावता येईल का?

जॅक दे गेनचं १६०३ चं चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. कोनाड्यात कवटी, तिच्यावर तरंगणारा मोठा बुडबुडा, बाजूला भांड्यात कापलेली फुलं. इथे फुलं कशाच्या रांगेत बसवलीत हे सांगायला कुठल्याही शब्दकोशाची गरज नाही. विलेम व्हान आल्स्टचं १६६३ चं फुलचित्र द हेगच्या माउरित्सहाउसमध्ये आहे. त्यात गुच्छाखाली संगमरवरावर एक उघडं खिशातलं घड्याळ पडलंय, निळी फीत कठड्यावरून खाली लोंबतेय. घड्याळ काही फुलदाणीजवळ सहज ठेवायची वस्तू नाही, ते कुणीतरी मुद्दाम तिथे ठेवलंय. मारिया व्हान ओस्टरवाइकच्या १६६८ च्या, व्हिएन्नातल्या चित्रात कवटी, वाळूचं घड्याळ आणि फुलं एकाच मेजावर आहेत. डच कलेतिहासकार एडी दे याँग आणि त्यांच्या सोबतच्या अभ्यासकांनी असे अर्थ उलगडून दाखवले ते हवेतून नाही.

पण व्हान आल्स्टच्या चित्रात मला घड्याळाइतकीच दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. बॉसखार्टचा गुच्छ बघा, माउरित्सहाउसमधलाच, १६१८ च्या सुमाराचा, कमानीच्या खिडकीत ठेवलेला. प्रत्येक फूल समोर तोंड करून, एकमेकांना न झाकता, एकसारख्या उजेडात. जणू प्रत्येक फुलाला तेवढाच मान. (पानांना मात्र किडीने भोकं पाडलीत, तेही त्याने तितक्याच मनापासून रंगवलंय.) व्हान आल्स्टने ही शिस्त मोडली. त्याने गुच्छ तिरका केला, एका कोपऱ्यातून दुसऱ्याकडे झुकणारा, काही फुलं पाठ फिरवून, काही पूर्ण अंधारात बुडवून. आणि गुच्छ तिरका झाला त्या क्षणी त्यात वेळ शिरली. सरळ उभा गुच्छ स्थिर असतो. तिरका गुच्छ पडणार असतो. घड्याळ काढून टाकलं तरी ती जाणीव तिथे राहते.

मी म्हणत होते ते हेच. शब्दकोशातला अर्थ चित्रातून काढून घेता येतो, एका ओळीत लिहिता येतो. मांडणीतला आणि रंगाच्या थरातला अर्थ काढून घेता येत नाही.

राखेल रॉइश ही व्हान आल्स्टचीच शिष्या. वडील फ्रेडरिक रॉइश शरीरशास्त्राचे आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार, घरात जपून ठेवलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह. तिने ही तिरकी मांडणी पुढे नेली. दहा मुलं, ड्यूसेलडॉर्फच्या दरबारची चित्रकार, १७५० मध्ये वारली तेव्हा वय शहाऐंशीच्या घरात. उतारवयातल्या चित्रांवर ती सहीसोबत आपलं वयही लिहायची. १७४७ च्या एका चित्रावर त्र्याऐंशी आहे. ओघळणाऱ्या फुलांखाली स्वतःचं वय. हे मला कुठल्याही कवटीपेक्षा थेट भिडतं.

शंकासुर

रॉइशच्या वयाचं माहीत नव्हतं. घड्याळ आणि कवटी असलेल्या चित्रांबद्दल मी माघार घेतो, तिथे अर्थ मुद्दाम ठेवलाय हे मान्य.

पण जिथे नाही तिथे तो घुसवू नका, एवढंच. काचेच्या गोल फुलदाणीवर खिडकीचं प्रतिबिंब असतं, चौकटीच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांसकट. लोक त्यातही क्रूस बघतात. ती चित्रकाराच्या खोलीची खिडकी आहे. त्याच काळातल्या क्लारा पेटर्स या चित्रकर्तीने तर धातूच्या पेल्यांच्या फुगवट्यांवर स्वतःची छोटी छोटी प्रतिबिंबं रंगवलीत, हातात रंगपाटी घेतलेली. चित्रकार 'मी इथे होते' असं सांगतेय. मला हा अर्थ पुरेसा आहे.

मंजिष्ठा

रंगपाटी, तुमच्या निळ्या पानांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. मी जुन्या चित्रांच्या जतनाचं काम करते.

ती पानं निळी रंगवलेली नाहीत. ती हिरवीच होती. त्या काळी चकचकीत, टिकाऊ असा एकच हिरवा रंग चित्रकाराच्या हाती नव्हता. तांब्यापासून केलेला जंगाल होता, पण तो तपकिरी पडतो. म्हणून हिरवा बहुधा दोन रंगांतून बनवत. एक निळा, आणि त्यात मिसळून किंवा वरून पारदर्शक थर म्हणून पिवळा. हा पिवळा वनस्पतींपासून काढलेला असे. रंगीत काढा करायचा आणि तो खडूसारख्या पांढऱ्या भुकटीवर बसवायचा. दिसायला सुरेख, पण उजेडात टिकत नाही. दोन-अडीचशे वर्षांत पिवळा उडून गेला आणि खालचा निळा उरला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये प्रशियन निळा सापडला, तो तर इतका तीव्र की वरचा पिवळा गेल्यावर पान एकदम निळंच दिसतं.

तांबड्यांचंही तसंच. हिंगूळ जाड आणि झाकणारा, तो बराच टिकतो. पण गुलाबाच्या गाभ्यातली खोली हिंगुळाने येत नाही. तिथे मंजिष्ठेच्या मुळापासून किंवा कोचिनियल किड्यापासून काढलेला पारदर्शक तांबडा वापरायचे, आधीच्या वाळलेल्या गुलाबी थरावर. मंजिष्ठा बरी टिकते, कोचिनियल त्यापेक्षा कच्चा. त्यामुळे आज फिकट गुलाबी दिसणारे काही गुलाब मुळात चांगलेच लाल होते.

हे फक्त जुन्यांचं दुखणं नाही. व्हॅन गॉगने मे १८९० मध्ये गुलाबांची जी चित्रं केली, ती आपण पांढऱ्या गुलाबांची म्हणून ओळखतो. ते गुलाब गुलाबी होते. त्याने वापरलेला तांबडा कृत्रिम आणि फार कच्चा होता. आपले रंग फुलांसारखे कोमेजतात हे त्याला ठाऊक होतं, भावाला लिहिलेल्या एका पत्रात तो जवळपास याच शब्दांत म्हणतो.

म्हणजे तुमच्या आणि शंकासुर यांच्या वादात एक तिसरी गोष्ट आहे. रंगवलेलं फूलही कोमेजतं, फक्त हळू.

पुंकेसर

मंजिष्ठा, हे वाचून थबकलो. +१.

एक विचारायचं होतं. ओटो मार्सेउस व्हान स्क्रिक चित्रात खरी फुलपाखरं वापरायचा असं ऐकलंय. खरं आहे का?

मंजिष्ठा

खरं आहे. तो जंगलातल्या जमिनीवरची चित्रं करायचा. झुडपं, साप, बेडूक, बुरशी, किडे. फुलपाखराच्या जागी पांढऱ्या रंगाचा ओला थर द्यायचा आणि खरा पंख त्यावर दाबायचा. पंख उचलला की त्यावरचे सूक्ष्म खवले रंगात चिकटून राहतात. मग वरून कुंचल्याने बारीक काम. सूक्ष्मदर्शकाखाली असे खवले सापडलेत. शेवाळाचा पोत आणायला कुंचल्याऐवजी दुसरंच काहीतरी टेकवून रंग उठवलेलाही दिसतो.

गवतफूल

अफूच्या फुलाचं कुणी सांगितलंच नाही. रंगपाटी, तुमच्या कोपऱ्यात ते आहे ना? मला कागदासारखी पाकळी जमत नाही.

रंगपाटी

आहे, आणि सर्वांत जास्त दिवस त्यानेच घेतले. माझी चूक अशी होत होती की मी गुलाबासारखी गोलाई देत होते. अफूची पाकळी कळीत असताना चुरगळून कोंबलेली असते, ती उघडल्यावर त्या सुरकुत्या तशाच राहतात. म्हणून मी आता पाकळीला आधी एकच सपाट मधला रंग देते, हिंगुळासारखा. तो ओला असतानाच कोरड्या चपट्या कुंचल्याने बुडापासून कडेकडे रंग ओढते, सरळ नाही, मध्येच मोडत. मोडीच्या एका बाजूला उजेड, दुसरीला लगेच गडद, मधे संक्रमण नाही. वाळल्यावर बुडाशी पारदर्शक तांबड्याचा एक थर. कडेला मात्र अगदी पातळ ठेवायचं, मागचा उजेड आरपार आल्यासारखं. खऱ्या फुलाच्या पाकळ्या उमलल्यावर फार लवकर गळतात, त्यामुळे समोर फूल ठेवून करणार असाल तर आधी तेच उरका, बाकीची थांबतील.

सातवा_थर

उत्तम. एकच पुस्ती. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त, हा क्रम पाळा, नाहीतर भेगा पडतील. डच चित्रकार पहिल्या, मंद रंगातल्या थराला 'मेलेला रंग' म्हणायचे. आधी सगळं चित्र त्या मेलेल्या रंगात उभं करायचं, मग एकेका फुलात जीव भरायचा.

रंगपाटी, पानांचं काय ठरलं?

रंगपाटी

मंजिष्ठा यांचा प्रतिसाद आला त्या रात्रीच ठरवलं, आणि आज दहा दिवसांनी सांगतेय. पानं निळीच रंगवून झाली होती. ती वाळलेली होती, म्हणून खरडली नाहीत. त्यांच्यावर पिवळ्याचा पातळ पारदर्शक थर दिला, आजच्या टिकाऊ पिवळ्याचा. म्हणजे नकळत मी त्यानेच केलं असेल त्याच क्रमाने केलं.

पहिलं पान हिरवं झालं तेव्हा काही विशेष वाटलं नाही. तिसऱ्या पानाला अफूचं फूल पुढे आलं. अक्षरशः पुढे आलं, फुलाला मी कुंचलाही लावला नव्हता. चार महिने मला वाटत होतं की माझा लाल कमी पडतोय, मी त्यात भर घालत होते. लाल बरोबर होता. त्याच्या मागचा हिरवा नव्हता. निळ्या पानांवर ते फूल नुसतं शेजारी बसलेलं होतं, हिरव्यावर ते पेटलं. आणि माशी, जी आधी पानात हरवून जायची, ती आता पहिल्यांदा दिसते.

शेवटचं एक पान, अगदी कठड्याजवळचं, मी निळंच ठेवलंय.

मंजिष्ठा

ते तसंच राहू दे. फोटो टाकाल का?

रंगपाटी

गुलाबाचा वरचा थर अजून ओला आहे. वाळला की टाकते.